आधी नवऱ्याची तपासणी

मूल होत नाही म्हणून डॉक्टरांची पायरी चढणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूनेही काही ना काही कारण सापडते. ही गोष्ट जगभरच्या डॉक्टरांना कित्येक वर्षांपासून ठाऊक आहे. तरीही आमच्या लॅबमध्ये नवरा येतो तो सगळ्यांत शेवटी. तोवर बायकोची फाइल जाडजूड झालेली असते. थायरॉइड तपासलेले असते, साखर तपासलेली असते, सोनोग्राफ्या झालेल्या असतात, गर्भनलिकांचा एक्स-रेही झालेला असतो. तो एक्स-रे काढताना पोटात जी कळ येते, ती तिने सोसलेली असते. उपास, नवस, अंगारे यांची तर फाइलच नसते. नवऱ्याच्या तपासणीची चिठ्ठी मात्र त्याच्या पाकिटात घडी पडून तशीच राहिलेली असते.

मी जूचंद्रचा. वसई तालुक्यात, नायगावच्या पूर्वेला, चंडिकादेवीच्या टेकडीच्या पायथ्याशी आमचे गाव आहे. रांगोळी कलाकारांचे गाव म्हणून लोक आम्हाला ओळखतात. पूर्वी इथे भातशेती आणि मिठागरे होती. आता चाळी आणि टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि वसई-दिवा मार्गावर गावाच्या नावाचे स्टेशनही आहे. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. रक्त, लघवी, थुंकी तपासतो, तसेच वीर्यही तपासतो. मी डॉक्टर नाही, औषध देणे माझे काम नाही. पण मायक्रोस्कोपखाली काय दिसते आणि ते पाहून आलेला रिपोर्ट घरोघरी कसा चुकीचा वाचला जातो, हे मी रोज पाहतो. म्हणून हा लेख.

वर्षभर वाट, मग दोघांची तपासणी

गर्भनिरोधक न वापरता, नियमित संबंध ठेवूनही बारा महिन्यांत दिवस गेले नाहीत, तर त्याला वंध्यत्व म्हणतात. बायकोचे वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिनेच थांबायचे आणि डॉक्टरांना भेटायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात साधारण दर सहा प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी या प्रश्नाला तोंड द्यावे लागते. म्हणजे तुमच्या मजल्यावर, तुमच्या कंपनीत, तुमच्या भावकीत कोणीतरी यातून जात आहे. ते बोलत नाहीत, एवढेच.

कारण कधी फक्त स्त्रीकडे असते, कधी फक्त पुरुषाकडे, कधी दोघांकडे थोडे थोडे, आणि काही वेळा सगळ्या तपासण्या करूनही सापडत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत दोघांची तपासणी सुरू करायची असते. त्यातही पुरुषाची प्राथमिक तपासणी सोपी आहे. सुई नाही, भूल नाही, दुखणे नाही, आणि साध्या लॅबमध्ये काही शे रुपयांत होते. जी तपासणी सर्वांत सोपी ती सर्वांत शेवटी करायची, याला वैद्यकीय कारण काहीच नाही. कारण आहे ते घरातल्या समजुतीत. “आमच्या पोराला काय धाड भरलीय?” हे वाक्य मी लॅबच्या खिडकीतून कितीदा ऐकले आहे. पोरगा धडधाकट असतो, ओझी उचलतो, क्रिकेट खेळतो, शरीरसंबंधात काही अडचण नसते. यातले काहीही शुक्राणूंची हमी देत नाही. मर्दपणा आणि शुक्राणूंची संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वीर्य डोळ्यांना अगदी नेहमीसारखे दिसत असताना त्यात एकही शुक्राणू नसू शकतो, कारण वीर्याचा बहुतांश भाग हा इतर ग्रंथींतून आलेला द्रव असतो.

अडीच-तीन महिन्यांचा हिशेब

शुक्राणू वृषणांत तयार होतात. एक शुक्राणू घडायला साधारण ७४ दिवस लागतात. त्यानंतर वृषणाला लागून असलेल्या गुंडाळलेल्या नळीत तो आणखी दहा-बारा दिवस काढतो आणि तिथे त्याला पोहण्याची ताकद येते. म्हणजे आज तपासलेल्या नमुन्यात जे दिसते, ते मागच्या तीन महिन्यांतल्या शरीराचे चित्र असते.

हा एवढा हिशेब लक्षात ठेवला तरी बरेच गैरसमज दूर होतात. दोन महिन्यांपूर्वी डेंग्यू किंवा टायफॉइडच्या तापाने फणफणला असाल तर आजचा काउंट, म्हणजे शुक्राणूंची संख्या, कमी येऊ शकतो, आणि पुढे तो आपोआप सुधारतोही. तंबाखू सोडून आठवडा झाला म्हणून रिपोर्ट बदलत नाही. आणि ‘दहा दिवसांत काउंट दुप्पट’ अशी हमी जो देतो, त्याला शुक्राणू कसा तयार होतो हेच माहीत नसते, किंवा माहीत असून तो फसवतो.

वृषण शरीराबाहेर, पिशवीत का असतात? कारण शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागते. थंडीत पिशवी आक्रसते, उन्हाळ्यात सैल होते, ती हे तापमान सांभाळण्यासाठीच. ही व्यवस्था बिघडली की उत्पादन घटते.

नमुना कसा द्यायचा आणि आम्ही काय पाहतो

तपासणीआधी दोन ते सात दिवस वीर्यपतन झालेले नसावे. एका दिवसाने दिलेला नमुना कमी भरतो. पंधरा-वीस दिवस साठवून दिलेल्या नमुन्यात मेलेले आणि थकलेले शुक्राणू जास्त येतात. नमुना हस्तमैथुनाने, लॅबने दिलेल्या रुंद तोंडाच्या स्वच्छ डबीतच घ्यायचा. साबण, तेल, थुंकी वापरायची नाही, साधा निरोधही नाही, कारण त्यातल्या रसायनांनी शुक्राणू मरतात. सगळे वीर्य डबीत आले पाहिजे. पहिल्या काही थेंबांतच शुक्राणू सर्वांत जास्त असतात, ते सांडले तर रिपोर्ट खोटा येतो. सांडले असेल तर लाज न बाळगता सांगा, आम्ही पुन्हा बोलावतो.

शक्यतो लॅबमध्येच नमुना द्यावा. घरून आणायचा असेल तर तासाभराच्या आत, जमल्यास अर्ध्या तासात पोहोचवावा. कामण रोडच्या ट्रॅफिकमध्ये किंवा पावसाळ्यात रस्त्यावर पाणी भरले असताना हा तास कसा निघून जातो हे आम्हा जूचंद्रकरांना वेगळे सांगायला नको. डबी हातात किंवा पिशवीत लोंबकळत ठेवू नका, शर्टाच्या आत अंगाशी धरा. फ्रीजमध्ये तर मुळीच ठेवू नका.

डबी आली की वेळ लिहितो. ताजे वीर्य घट्ट असते. साधारण अर्ध्या तासात ते पातळ होते. मग मोजमाप घेऊन एक थेंब काचपट्टीवर ठेवतो, वर काच ठेवतो आणि मायक्रोस्कोपमधून पाहतो. चांगला नमुना असेल तर पहिल्या पावसात शेतात चढणाऱ्या वलगणीच्या मासळीसारखी धावपळ दिसते. काही शुक्राणू सरळ पुढे सुटलेले असतात, काही एकाच जागी गिरक्या घेतात, काही नुसती शेपटी हलवतात, काही निपचित पडलेले असतात. पुढे सरकणारे, जागेवर हलणारे आणि न हलणारे असे तीन गट करून मोजतो. न हलणारे फार दिसले तर लाल रंगाचा थेंब टाकतो. मेलेल्या शुक्राणूच्या डोक्यात रंग शिरतो, जिवंत असलेला पांढराच राहतो. संख्या मोजायला आखीव चौकटींची खास काच असते. शेवटी वेगळी काचपट्टी रंगवून डोके, मान, शेपटी यांचा आकार पाहतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे खालच्या मर्यादा अशा: वीर्य १.४ मिलिलीटर, एका मिलिलीटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू, पूर्ण नमुन्यात ३ कोटी ९० लाख, हालचाल करणारे ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के आणि योग्य आकाराचे ४ टक्के.

या शेवटच्या आकड्याने अनेक घरांत रडारड झालेली आहे. भट्टीवर काम करणारा एक तरुण रिपोर्ट घेऊन परत आला होता. ‘नॉर्मल ४ टक्के’ वाचून त्याला वाटले, आपले ९६ टक्के बीज खराब. त्याने बायकोला माहेरी जायला सांगितले होते. त्याला बसवून समजावले, की निरोगी बापांतही बहुतेक शुक्राणू वेड्यावाकड्या आकाराचेच असतात, चार टक्के ही उत्तीर्ण होण्याची रेषा आहे. हे आकडे काढले ते ज्यांच्या बायकांना वर्षभराच्या आत दिवस गेले अशा पुरुषांच्या तपासण्यांवरून. अशा शंभर बापांतल्या पाच जणांचे आकडे या मर्यादेपेक्षाही कमी होते. म्हणून मर्यादेखाली आलेला रिपोर्ट म्हणजे ‘मूल होणारच नाही’ असा निकाल नाही आणि मर्यादेवर आलेला म्हणजे हमखास होणार असेही नाही. शिवाय एकाच माणसाचा काउंट दर वेळी वेगळा येतो. पहिला रिपोर्ट बिघडला तर काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करायची, आणि दोन्ही रिपोर्ट डॉक्टरांपुढे ठेवायचे.

उष्णता, शिरा आणि लहानपणचे दुर्लक्ष

आमच्या भागातले निम्मे पुरुष वालीव, सातिवली, गोखिवरेच्या कारखान्यांत किंवा हायवेवर गाडी चालवून पोट भरतात. बेकरीची भट्टी, पावडर कोटिंगचे ओव्हन, प्लास्टिकच्या मोल्डिंग मशीनपुढचे बारा तास, तापलेल्या सीटवरचा ट्रक. अशा सततच्या उष्णतेचा परिणाम शुक्राणूंवर होतो. नोकरी सोडा असे मी कोणाला सांगणार नाही. पण दर तासाला उठून थोडे मोकळ्या हवेत फिरता येते, सुती सैल कपडे घालता येतात, रात्री कडकडीत गरम पाण्यात बसणे आणि मांडीवर लॅपटॉप ठेवणे टाळता येते. हार्वर्डच्या संशोधकांनी ६५६ पुरुषांची पाहणी केली, ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. सैल अंतर्वस्त्रे वापरणाऱ्यांत शुक्राणूंचे प्रमाण घट्ट वापरणाऱ्यांपेक्षा २५ टक्के जास्त आढळले. बिनखर्चाचा उपाय आहे.

दुसरे कारण पिशवीतल्या शिरा फुगण्याचे. याला व्हेरिकोसील म्हणतात, आणि ते बहुधा डाव्या बाजूला असते. शंभरातल्या साधारण पंधरा पुरुषांना ते असते आणि त्यांतल्या अनेकांना मुलेही होतात. पण मूल न होणाऱ्या पुरुषांत त्याचे प्रमाण पस्तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत जाते. उभे राहून जड वाटते, गाठोळीसारखे हाताला लागते, तर मूत्ररोगतज्ज्ञ हाताने तपासून सांगतात. गरज असेल तर छोटी शस्त्रक्रिया होते आणि पुढच्या काही महिन्यांत अनेकांचे रिपोर्ट सुधारतात. वृषणात कडक गाठ लागली तर मात्र एक दिवसही थांबू नका. तो कर्करोग असू शकतो आणि लवकर कळला तर बरा होतो.

मुलाच्या जन्मानंतर आजीने आणि आईने एक गोष्ट पाहायची आहे. दोन्ही वृषण पिशवीत उतरलेले आहेत का? सहा महिन्यांपर्यंत उतरले नसतील तर बालशल्यचिकित्सकांना दाखवायचे, आणि साधारण दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया करून घ्यायची. ‘मोठा झाला की येतील खाली’ म्हणत दहा-बारा वर्षे काढली तर नुकसान होऊन बसते. वयात आल्यानंतर गालगुंड होऊन वृषण सुजले असतील, लैंगिक आजार किंवा क्षयाचा संसर्ग झाला असेल, हर्नियाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांनी विचारले नाही तरी त्यांना सांगा. मधुमेहात कधी वीर्य बाहेर न येता उलटे मूत्राशयात जाते. ते लघवी तपासून कळते.

तंबाखू, दारू आणि जिमची सुई

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पुडी मिळतेच. विडी, सिगारेट, मिश्री, मावा, कशाही रूपात गेलेला तंबाखू शुक्राणूंची संख्या आणि हालचाल कमी करतो, आणि त्यांच्या आतल्या गुणसूत्रांना इजा करतो. ही इजा साध्या रिपोर्टमध्ये दिसत नाही, पण गर्भ न टिकण्याशी तिचा संबंध आहे. रोजची दारूही तसेच नुकसान करते.

सध्या मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती जिममध्ये जाणाऱ्या पोरांची. व्यायाम उत्तमच. पण दंड लवकर फुगावेत म्हणून टेस्टोस्टेरॉनची किंवा स्टिरॉइडची इंजेक्शने घेणारे वाढले आहेत. मर्दानी संप्रेरक घेतल्यावर वीर्य सुधारेल असे त्यांना वाटते, आणि घडते नेमके उलटे. बाहेरून संप्रेरक आले की मेंदूतली पीयूषिका ग्रंथी समजते, पुरेसे आहे, आणि वृषणांना आदेश देणे थांबवते. वृषण लहान होत जातात, शुक्राणू बनणे बंद पडते. पिळदार शरीराचा, चोविशीतला पोरगा आणि काचपट्टीवर एकही शुक्राणू नाही, असे नमुने माझ्या टेबलावर आले आहेत. इंजेक्शन बंद केल्यावर बहुतेकांचे उत्पादन परत सुरू होते, पण त्याला कित्येक महिने, कधी वर्ष-दोन वर्षे लागतात. काहींचे पूर्वीइतके होत नाही. लग्न ठरलेल्या, मूल हवे असलेल्या कोणीही ही सुई टोचून घेऊ नये.

ताटात काय असावे

लोक मला हमखास विचारतात, काय खाल्ल्याने काउंट वाढतो? एखादा जादूचा पदार्थ नाही. चांगले परिणाम दिसतात ते संपूर्ण जेवणाचे. ताजी मासळी, कडधान्ये, पालेभाज्या, फळे, अख्खी धान्ये, थोडा सुकामेवा असे जेवण घेणाऱ्यांचे वीर्य सरासरीने बरे असते. वडापाव, कोल्ड्रिंक, तळलेले आणि पाकीटबंद खाण्यावर जगणाऱ्यांचे त्या मानाने कमी. आमच्या आगरी घरात वालाचे बिरडे, शेवग्याच्या शेंगा, माठाची भाजी, बांगडा, तांदळाची भाकरी हे रोजचे जेवण होते. ते सोडून कंपनीच्या कॅन्टीनच्या समोशावर आलो, हा तोटा आहे. अमेरिकेत २०१२ साली ११७ तरुणांवर प्रयोग झाला. त्यातल्या ज्यांनी बारा आठवडे रोज ७५ ग्रॅम अक्रोड खाल्ले, त्यांच्या शुक्राणूंची हालचाल आणि आकार सुधारला. अक्रोडातल्या ज्या चांगल्या स्निग्धांशाला हे श्रेय दिले जाते, तशाच जातीचे स्निग्धांश बांगडा आणि तारली या स्वस्त मासळीत भरपूर असतात.

गोळ्यांची गोष्ट वेगळी आहे. झिंक आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्यांचा मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. त्यात २,३७० जोडपी होती. पुरुषांना सहा महिने गोळ्या दिल्या, आणि २०२० साली निष्कर्ष आला, की वीर्याचा दर्जाही सुधारला नाही आणि जन्मलेल्या बाळांची संख्याही वाढली नाही. शरीरात खरीच कमतरता असेल तर डॉक्टर गोळी देतील. सरसकट महिन्याला हजारो रुपयांचे डबे घेण्याचे कारण नाही.

आयुर्वेदात वाजीकरण हे आठ अंगांपैकी एक अंग आहे. चरकसंहितेत त्यावर स्वतंत्र अध्याय आहे. म्हणजे आपल्या जुन्या वैद्यांनीही पुरुषाच्या बीजाचा विचार केला होता, दोष फक्त स्त्रीवर टाकला नव्हता. आयुर्वेदिक उपचार घ्यायचे तर पदवीधर, नोंदणीकृत वैद्यांकडून घ्या आणि रिपोर्ट त्यांना दाखवा. रेल्वेच्या कडेच्या भिंतींवर फोन नंबर रंगवणारे, तंबूत जडीबुटी विकणारे, कुरियरने भस्म पाठवणारे यांच्यापासून चार हात लांब राहा. त्या पुडीत काय आहे हे कोणी तपासलेले नसते. शिशासारखा जड धातू असेल तर तो स्वतःच शुक्राणूंचे विष आहे.

औषधाविना जे करता येते ते एवढेच: वजन आणि पोटाचा घेर कमी करणे, रोज अर्धा-पाऊण तास भराभर चालणे, रात्री सात तासांच्या आसपास झोप, तंबाखू पूर्ण बंद, दारू बंद, उष्णता कमी, साखर ताब्यात. हे तीन महिने नेटाने करून मग पुन्हा तपासायचे. ज्यांचे वजन फार वाढलेले असते किंवा जे तंबाखू खात असतात, त्यांच्या दुसऱ्या रिपोर्टमध्ये फरक दिसलेला मी पाहिला आहे.

साठवू नका, चुकवू नका

‘धातू जातो’ या भीतीने आमच्याकडची कितीतरी पोरे खंगतात. वीर्य बाहेर पडल्याने शरीर झिजत नाही. वृषणांत रोज कोट्यवधी शुक्राणू नव्याने तयार होत असतात. मूल हवे म्हणून महिनाभर ‘साठवून’ ठेवणारे उलट नुकसान करून घेतात.

दिवस जाण्याची शक्यता असते ती स्त्रीबीज सुटण्याआधीचे पाच दिवस आणि सुटण्याचा दिवस अशा सहा दिवसांत. बीज पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी सुटते. शुक्राणू स्त्रीच्या शरीरात काही दिवस जगतो, बीज जेमतेम एक दिवस. म्हणून तारखा घोकत बसण्यापेक्षा पाळी संपल्यावर दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवणे हा साधा आणि खात्रीचा मार्ग आहे.

हे लिहायला सोपे आहे. आमच्याकडे नवरा पहाटेची लोकल धरून चर्चगेटला जातो आणि रात्री दहाला परततो, किंवा त्याची रात्रपाळी असते आणि बायकोची दिवसपाळी. पाचूबंदर, अर्नाळ्याचे नाखवा-खलाशी दिवसेंदिवस समुद्रात असतात. एका खोलीत सात माणसे झोपतात. डॉक्टरांनी मोकळेपणाने विचारले की कळते, त्या सहा दिवसांत दोघे एकत्रच नव्हते. अशा जोडप्यांना औषध नको, चार रात्री एकत्र हव्यात. घरातल्या वडीलधाऱ्यांनी तेवढी सोय करून दिली तर ते नवसापेक्षा मोठे काम होईल.

काउंट शून्य आला तर

शंभरातल्या साधारण एका पुरुषाच्या वीर्यात शुक्राणूच नसतात. इथे खाण्यापिण्याच्या उपायांवर वेळ घालवू नका. कधी शुक्राणू तयार होतात पण वाट बंद असते, कधी वृषणांत तयारच होत नाहीत, कधी मेंदूकडून आदेश येत नाही. रक्तातली संप्रेरके, सोनोग्राफी आणि काही वेळा गुणसूत्रांची तपासणी करून हे ठरते. वाट बंद असेल तर ती मोकळी करता येते किंवा थेट वृषणातून शुक्राणू काढता येतात. १९९२ साली ब्रुसेल्समध्ये एकच शुक्राणू सुईने स्त्रीबीजात सोडून गर्भ तयार करण्याचे तंत्र यशस्वी झाले. त्याला इक्सी म्हणतात. त्यामुळे अगदी थोडे शुक्राणू असलेल्या पुरुषालाही स्वतःचे मूल होऊ शकते.

हे आपल्यापासून फार लांब नाही. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून हर्षा या टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला. परळमध्येच प्रजनन आरोग्यावर काम करणारी राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. खासगी केंद्रात जायचे असेल तर ते प्रजनन उपचारांसाठीच्या २०२१ च्या कायद्याखाली नोंदलेले आहे का, हे आधी विचारा. त्या कायद्याने उपचारांसाठी स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ असे ठरवले आहे. पुरुषाचे बीज म्हातारपणापर्यंत तसेच राहते, हाही समज खरा नाही. चाळिशीनंतर दर्जा हळूहळू घसरतो. आणि दत्तक हा शेवटचा नाइलाज नाही. ज्यांना मनापासून घ्यावेसे वाटते, त्यांच्यासाठी तो पहिल्या दिवसापासून मोकळा असलेला मार्ग आहे.

बोलायला शिकवणारा मराठी माणूस

या विषयावर मराठीत उघडपणे लिहायला लागून साधारण शंभर वर्षे झाली. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. या कामापायी त्यांना विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना ते सरळ, शास्त्रीय उत्तरे देत. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. शरीराविषयीचे खरे ज्ञान लोकांना मिळालेच पाहिजे, यासाठी या माणसांनी एवढी किंमत मोजली. आणि आज आमच्या गावात पदवीधर नवरा लॅबच्या दारात तोंडाला रुमाल बांधून उभा राहतो, ओळखीचा दिसला की परत फिरतो. त्याच्या बायकोला मात्र हळदीकुंकवाला, बारशाला, ओटभरणीला मागे उभे राहावे लागते.

मूल होण्यात दोघांचे शरीर लागते, म्हणून तपासणीही दोघांची हवी. लग्नाला वर्ष होऊन गेले असेल आणि मूल हवे असेल, तर नवऱ्याने बायकोला डॉक्टरकडे पाठवण्याआधी स्वतः जावे. रिपोर्ट चांगला आला तर तिच्या पुढच्या तपासण्यांना नेमकी दिशा मिळेल. वाईट आला तर तिच्या अनेक सुया आणि औषधे वाचतील आणि तुमच्यावर वेळेत उपचार होतील. सासूबाईंनो, सासरेबुवांनो, सुनेला दोष देण्याआधी मुलाला विचारा, “तुझी तपासणी झाली का?” त्याला लाज वाटत असेल तर त्याच्याबरोबर जा, बाहेरच्या बाकावर बसा. लॅबमध्ये आम्ही कोणाला हसत नाही आणि कोणाचा रिपोर्ट कोणाला सांगत नाही. या महिन्यातच या.